पांढऱ्या दोऱ्याची बाटली

२ फेब्रुवारी, शनिवार

ही वही पाण्याच्या नमुन्यांच्या नोंदींसाठी आणलेली. प्रयोगशाळेत आता सगळं संगणकावर गेलं, म्हणून एक कोरी वही घरी आणली. तारीख, नमुना, शेरा असे रकाने आखलेले आहेत. मी रकान्यांवरूनच लिहितो आहे.

बायको गेल्याला नऊ शनिवार झाले. शनिवार मोजतो, कारण बाकीचे दिवस कामावर जाण्यात निघून जातात. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता आमच्या जेवणाच्या टेबलाशी चार माणसं यायची आणि तिनं केलेलं एक पेय घ्यायची. पेयाचं नावच ‘शनिवार’ पडलं होतं. संत्र्याची साल, लवंग आणि मिरी रममध्ये तीन आठवडे मुरवायची, त्याला ती अर्क म्हणायची. ग्लासात आल्याचा रस, लिंबू, मध, थंड पाणी, बर्फ आणि वरून अर्क. पेय एकच, पण चौघांना चार तऱ्हांचं.

ती कपडे दुरुस्तीचं काम करायची. कुणाची कंबर सैल करायची, कुणाची बाही आखूड. कपड्यानं माणसाच्या मापाचं व्हावं, माणसानं कपड्याच्या नाही, असं म्हणायची. तोच नियम पेयाला. प्रत्येकाची बाटली वेगळी, गळ्याला वेगळ्या रंगाचा दोरा. लाल वरच्या मजल्यावरच्या हेडबाईंचा. त्या शाळेतून निवृत्त झाल्या पण आवाज झाला नाही. पिवळा खालच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांचा. पांढरा तिच्या धाकट्या भावाचा, हिरवा त्याच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा. भाऊ एकावन्न वर्षांचा आहे, सहा फूट उंच, लिफ्ट दुरुस्त करतो. पण ती त्याला लहानपणी बारक्या म्हणायची ते अजून चालू आहे.

माझी बाटली नव्हती. मी अर्ध्या ग्लासावर थांबणारा. ती आतून ग्लास भरून ट्रेमध्ये आणायची, त्यात माझा अर्धा असायचा.

आज जिन्यात हेडबाई भेटल्या. म्हणाल्या, “रडायला माझ्याकडे घरात जागा आहे. बसायला नाही. तुम्ही शनिवार सुरू करा.” मी म्हटलं, मला येत नाही. त्या म्हणाल्या, सदतीस वर्षं हेच ऐकत आले मुलांकडून.

५ फेब्रुवारी

बाटल्या पाहिल्या. लाल, पिवळी, हिरवी कपाटात होत्या. स्वच्छ, पारदर्शक, वासही जसाच्या तसा. तिन्ही अर्ध्याच्या वर भरलेल्या.

पांढरी फ्रिजमध्ये मागे होती. रंग सगळ्यांत गडद. वर करड्या बुरशीचा जाड थर आलेला आणि तळाशी गाळ. शेरा: बूच सैल असावं.

तिनं लिहून काही ठेवलं नाही. मापं तिच्या बोटांत होती. पांढऱ्या बाटलीतलं मी बेसिनमध्ये ओतलं, बाटली गरम पाण्यानं धुतली, दोरा काढून वाळत घातला. मग बराच वेळ तिथंच उभा राहिलो. तिच्या हातचं आता जगात मोजकंच उरलेलं आहे, त्यातली एक बाटली मी ओतून दिली. हे कुणाला सांगणार नाही.

दुपारी रम आणून नवा अर्क मुरत घातला. जुन्याचा रंग एवढा गडद होता त्यावरून बारक्याचा बराच कडक असणार असा अंदाज केला आणि रम पुरेपूर धरली.

७ फेब्रुवारी

बारक्याबद्दल लिहायला हवं, कारण आज दिवसभर त्याचाच विचार येत होता. आठ-नऊ वर्षांपूर्वी त्याचं पिणं हाताबाहेर गेलं होतं. दोन नोकऱ्या गेल्या. एकदा तो आमच्या दाराशी येऊन पडला होता. तिनं त्याला त्यातून काढलं. कसं, ते मी खोदून विचारलं नाही. आमच्यात तसं विचारण्याची पद्धत नव्हती. एवढं कळलं की तिनं त्याची बंद केली नाही, मापात आणली. आठवड्याला एक ग्लास, तिच्या डोळ्यांसमोर. मला ते पटलं. क्लोरीनसुद्धा मापातच औषध असतं. आठ वर्षं तो दर शनिवारी एक ग्लास घ्यायचा आणि रिकामा ग्लास माझ्यासमोर पालथा घालायचा. मला थांबता येणारी माणसं आवडतात. बारक्या मला हळूहळू आवडायला लागला.

९ फेब्रुवारी, शनिवार

लाल बाटलीतल्या अर्काचा एक ग्लास स्वतःसाठी करून पाहिला. घशाला चटका बसला, डोळ्यांत पाणी आलं. मापं आठवणीनं धरली होती, ती पुन्हा तपासली, चूक सापडली नाही. तिच्या हातचं मला एकदाही असं लागलं नाही. हात असतो एकेकाचा.

१६ फेब्रुवारी, शनिवार

हेडबाई आणि घड्याळवाले आले. बारक्याला कामाची पाळी होती, वहिनी एकट्या कशा येणार.

मी मोजनळीनं मोजून केलं. हेडबाईंनी एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवून म्हणाल्या, साक्षर आहे, सुशिक्षित नाही. त्यांना गोड चालत नाही, म्हणून मी मध घातला नव्हता. घड्याळवाल्यांना सगळ्यांत कडक लागतं, असं ते स्वतःच वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. त्यांना मी दुप्पट अर्क घातला. ते खोकले. मग घाम पुसून म्हणाले, तिचं याहून कडक असायचं, पण असं लागायचं नाही. दोघांनीही ग्लास संपवला नाही. मनानं चांगली माणसं आहेत, पण कुंडीतल्या झाडाकडे बघत होती.

१९ फेब्रुवारी

तिन्ही बाटल्यांतले नमुने प्रयोगशाळेत नेले. उकळून, वाफ थंड करून, दारूचं प्रमाण काढलं, मागे उरलेलंही तपासलं. शेजारच्या टेबलावरच्या मदतनीस बाई म्हणाल्या, “साहेब, ही कुठली विहीर? पत्ता द्या, आम्ही बदली मागून घेऊ.”

निकाल असे. लालमध्ये भरपूर मध आहे. हेडबाई शपथेवर सांगतात की त्या गोड घेत नाहीत. पिवळ्यात रम सगळ्यांत कमी, जवळजवळ निम्मी, बाकी मिरी. घड्याळवाल्यांचं कडक म्हणजे मिरीचा झणका. हिरवी जशी वाटली तशीच, सौम्य.

म्हणजे ती सगळ्यांना वर्षानुवर्षं चेहऱ्यावरची रेघ न हलवता खोटं सांगत होती. एकतीस वर्षं मी समजत होतो की तिला खोटं बोलता येत नाही. मला राग आला नाही. फक्त, मला सांगायला हवं होतं असं वाटलं. मी कुणाला बोललो नसतो.

पांढऱ्याचं मोजायला काही उरलं नव्हतं.

२३ फेब्रुवारी, शनिवार

हेडबाईंना दोन चमचे मध घातला आणि सांगितलं, तुमच्यात थेंबभरही नाही. त्या प्यायल्या आणि म्हणाल्या, “आता कसं. गोडानं माणसाची जीभ मरते.” घड्याळवाल्यांना निम्मा अर्क, मिरी जास्त, आणि सांगितलं, डबल आहे, जपून. त्यांनी मान डोलावली. म्हणाले, हा आपला. जिना उतरताना कठडा धरला त्यांनी, मुद्दाम.

ती गेल्यापासून मी आज पहिल्यांदा हसलो. ग्लास धुताना.

२७ फेब्रुवारी

बारक्या संध्याकाळी आला. तिच्या शिवणयंत्राला तेल घालतो म्हणाला, घातलं, पण ती गेल्यापासून यंत्रावर कुणी बसलंच नव्हतं. मी म्हटलं, शनिवारी ये, सगळे येतात, आता बऱ्यापैकी जमतं. तो हातातल्या फडक्याची घडी करत राहिला.

मग म्हणाला, “माझी बाटली आहे का अजून? पांढऱ्या दोऱ्याची?”

“आहे ना.”

“ताईची?”

“ताईचीच. तिनं ठेवलेली तशीच.”

हे खोटं होतं. बाटली तिची, दोरा तिचा, आतलं माझं. पण बुरशी आली म्हणून बहिणीच्या हातचं शेवटचं मी बेसिनमध्ये ओतलं हे त्या माणसाला तोंडावर कसं सांगणार? तो एवढा सुटल्यासारखा दिसला की खोटं बोलल्याचं बरंच वाटलं. जाताना म्हणाला, मग येतो, भाऊजी. एकच घेईन.

मी म्हटलं, ते मला माहीत आहे.

२ मार्च, शनिवार

आज सगळे आले. तिची खुर्ची कुणी हलवली नाही, कुणी बसलंही नाही.

मी तिच्यासारखे आतून ग्लास भरून ट्रेमध्ये आणले. हेडबाई, घड्याळवाले खूश. वहिनींनाही जमलं म्हणाल्या. बारक्यानं घोट घेतला आणि तो थांबला. अगदी थांबला, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबते तसा. ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, चुकलं, कडक झालं. मी विचारलं, कसं आहे? तो म्हणाला, “छान आहे, भाऊजी.” मग तिच्या खुर्चीकडे बघत हळूहळू सगळा ग्लास संपवला.

बहिणीची आठवण झाली असणार. मीही मान खाली घातली.

ग्लास पालथा घातला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, आणखी एक मिळेल? मी वहिनींकडे पाहिलं. त्या हसून म्हणाल्या, दोन काय, चार द्या, आज किती दिवसांनी बसलाय. त्यांनाच चिंता नाही, तर मी कशाला आडवा येऊ? दुसरा दिला.

शेरा: माझ्या हातचं पहिल्यांदाच कुणी दुसऱ्यांदा मागितलं.

६ मार्च

बारक्या कामावरून परस्पर आला. बसला. एक ग्लास दिला, मग त्यानं आपणच उठून दुसरा केला. शनिवार नसताना ‘शनिवार’ घेणं मला विचित्र वाटलं, पण समोर माणूस बसलेला असणं बरं वाटतं. तो बोलत नाही, मीही नाही. आमच्या दोघांच्या वाटचं तीच बोलायची.

११ मार्च

परत आला. जाताना बाटली घेऊन जाऊ का विचारलं. तिची खूण घरात असावी म्हणाला. बाटली त्याचीच आहे, मी नाही कसं म्हणणार? मी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. दोऱ्याची गाठ सैल झाली होती, ती पक्की बांधली.

नंतर मनात आलं, ती असती तर दिली असती का? तिनं एकदा घड्याळवाल्यांच्या हातून पांढऱ्याचा ग्लास हिसकावून घेतला होता, ट्रेमधून चुकून उचलला म्हणून. दुसऱ्याच्या ग्लासाला हात लावायचा नाही, हा तिचा एकच कडक नियम. आम्ही हसलो होतो, भावाचं फार कौतुक म्हणून. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, हे मला आज आठवलं.

१४ मार्च

वहिनींचा फोन. तो तुमच्याकडे आहे का? मी म्हटलं, तासाभरापूर्वी निघाला. त्या म्हणाल्या, “बरं. तुमच्याकडे असला की मला घोर नसतो.”

बारक्या आज माझ्याकडे आला नव्हता. त्यानं काल सांगून ठेवलं होतं की विचारलं तर आलो होतो म्हणा, ताईचं नाव काढलं की बायकोला उगीच वाईट वाटतं, कुठंतरी एकटाच बसून येतो. मला बरं वाटलं नाही. पण तिनं एवढं खोटं बोलून चार माणसं जपली, मग मी एकदा बोललो तर काय, असं स्वतःला सांगितलं.

तिचं खोटं आणि माझं खोटं यांत काही फरक आहे. कुठला, ते सापडत नाही.

१६ मार्च, शनिवार

बारक्याचे हात. ग्लास उचलताना दोन्ही हात लावले. हेडबाईंनी पाहिलं, मी पाहिलं. हेडबाई माझ्याकडे अशा बघत राहिल्या की वर्गात मला उभं केल्यासारखं झालं. मी बर्फ आणायला आत गेलो.

२३ मार्च, शनिवार

कुणी आलं नाही. बारक्याच्या घरचा फोन लागत नाही.

२५ मार्च

वहिनी सकाळी आल्या. मी कामावर निघालो होतो. त्या आत आल्या आणि तिच्याच खुर्चीत बसल्या. बहुतेक त्यांच्या लक्षात आलं नाही.

शुक्रवारी बारक्या लिफ्टच्या शाफ्टमध्ये सहाव्या मजल्याच्या उंचीवर काम करत होता. हातातून पाना सुटला. खाली त्याचा जोडीदार उभा होता, त्याच्यापासून हातभर अंतरावर पडला. वरिष्ठांनी बारक्याला खाली बोलावलं तेव्हा तोंडाला वास येत होता. महिनाभर कामावरून काढलं आहे. महिन्यानंतर तपासतील, आणि तसाच असला तर कायमचा. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी दुसरीकडे कुणी घेणार नाही, तेही असं लिहून दिल्यावर.

मी म्हटलं, आठवड्याला एकच ग्लास होता तेव्हा ठीक होतं, वाढवायला नको होता, चूक माझी.

वहिनी अगदी हळू म्हणाल्या, “भाऊजी, कुठला ग्लास? आठ वर्षांत त्यानं थेंब घेतला नव्हता.”

मी म्हटलं, दर शनिवारी माझ्यासमोर घ्यायचा.

“त्यात दारू नसायची. ताई त्याची बाटली वेगळी करायच्या. चहा असायचा त्यात, काळा, आटवलेला.” मग म्हणाल्या, “तुम्हाला माहीत नव्हतं?”

नव्हतं.

“मला वाटलं, नवराबायकोत एवढं तरी बोलणं असेल.”

मी विचारलं, पण माझ्यापासून का लपवायचं? वहिनींनी पदरानं टेबल पुसलं. टेबल स्वच्छ होतं. मग सांगितलं. तो दाराशी येऊन पडला होता त्या दिवशी मी त्याला उचलताना म्हणालो होतो की ज्याला एका ग्लासावर थांबता येत नाही, तो माणूस नाही. तो तेवढा शुद्धीत होता. नंतर दारू सुटली तरी ते वाक्य सुटलं नाही. त्यानं बहिणीला गळ घातली की मला शनिवारी बोलव, ग्लास दे, एकच दे, मी भाऊजींच्या समोर थांबून दाखवतो. तिनं चहा आटवला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की थेंबही चालायचा नाही, आणि त्याला थांबून तर दाखवायचं होतं.

“तो कुणासाठी ग्लास पालथा घालायचा असं वाटलं तुम्हाला?” वहिनी म्हणाल्या.

मी ते वाक्य बोललो असेन. मला आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे, ओळखू येतं.

२६ मार्च

बुरशी दारूत वाढत नाही.

अडतीस वर्षं मी पाण्यात काय वाढतं आणि कशानं मरतं हे पाहण्याचा पगार घेतो. चार बाटल्या. तीन कपाटात, स्वच्छ. चौथी फ्रिजमध्ये ठेवायची, तिला बुरशी. एखादा नवशिका उमेदवार असता तर त्यानं बुचाचा विचार तरी केला असता का? मी वहीत ‘बूच सैल असावं’ असं लिहिलं आणि रम आणायला गेलो.

दर शुक्रवारी दुपारी ती मोठ्या पातेल्यात चहा उकळायची. एवढा चहा कोण पिणार, म्हणून मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, पातेल्याचे डाग निघतात. मी म्हटलं, असं का. चहानं डाग पडतात, निघत नाहीत, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी पुढचा प्रश्न विचारला नाही. मी कधीच पुढचा प्रश्न विचारला नाही.

३० मार्च, शनिवार

बारक्याकडे गेलो. तो आतल्या खोलीत पलंगावर भिंतीकडे तोंड करून होता. वहिनी दार लोटून बाहेर गेल्या. दवाखान्यात नेणं चालू आहे, एक दिवसाआड. गोळ्या दिल्या आहेत. नेताना वाद घालत नाही, पण बोलतही नाही.

मी उभ्यानंच सांगितलं. बाटलीला बुरशी आली होती, मी ओतली, आतलं मी भरलं. तू विचारलंस तेव्हा खोटं बोललो.

तो भिंतीकडे बघतच म्हणाला, “मला पहिल्या घोटाला कळलं.”

“मग बोलला का नाहीस?”

“वाटलं, तुम्ही तपासताय.”

मी टेबलावरच्या गोळ्यांची पाकिटं सरळ लावली.

“तुमचं कामच ते. वाटलं, ताई गेल्यावर तुम्हाला कळलं सगळं, आणि आता खरी देऊन बघताय, थांबतो का.” मग म्हणाला, “थांबणार होतो, भाऊजी. एकावर.”

मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला पुढे झालो, पण माझा हात तिथपर्यंत पोचेना. खुर्ची ओढून बसलो. दिवेलागणीपर्यंत बसून होतो.

३ एप्रिल

हेडबाई आणि घड्याळवाल्यांना बोलावून खरं सांगितलं. बारक्याचं, माझं, सगळं. घड्याळवाले म्हणाले, मी आठ वर्षं त्याच्या ग्लासाला ग्लास लावत होतो. मग विचारलं, माझ्यात तरी आहे ना? मी म्हटलं, आहे. किती ते सांगितलं नाही. हेडबाई म्हणाल्या, त्याच्या बाटलीतलं तुम्ही पुन्हा करा. मी म्हटलं, ते कसं लागायचं हे फक्त त्याला माहीत, आणि तो ओठाला काही लावत नाही. “मग तुम्ही अभ्यास करा,” त्या म्हणाल्या आणि उठल्या.

घरातली उरलेली रम बेसिनमध्ये ओतली. या वेळी उभा राहिलो नाही.

५ एप्रिल

शुक्रवार. मोठ्या पातेल्यात चहा उकळला. पहिल्या खेपेला कडू झाला. दुसऱ्या खेपेला निम्म्यावर आटवला, संत्र्याची साल आणि मिरी घालून झाकून ठेवला. पातेल्याला डाग पडले, ते तसेच आहेत.

१० एप्रिल

सहा नमुने केले. एक ते सहा आकडे टाकले. चहा, साल, मिरी, लवंग, आलं, मध, यांची मापं बदलत गेलो. चाखून काय शोधायचं हेच कळत नाही. तिनं बारक्याला काय दिलं ते मी कधी चाखलंच नाही, मग बरोबर कसं ओळखणार? दुसऱ्याच्या जिभेचं माप माझ्याकडे नाही.

१२ एप्रिल, शुक्रवार

नववा नमुना. साल कमी, आल्याचा रस शेवटी, गॅस बंद केल्यावर. थंड केला, बर्फ, लिंबू, पाणी. सवयीनं अर्धा ग्लास भरला आणि टेबलाशी माझ्या जागेवर जाऊन बसलो.

घोट घेतला, आणि समोर हेडबाई बोलत होत्या, घड्याळवाले खोकत होते आणि स्वयंपाकघराच्या दारात ती ट्रे घेऊन उभी होती.

हे मला माहीत आहे. ही चव मी ओळखतो. दर शनिवारी, अर्धा ग्लास, आठ वर्षं. घशाला कधीच न लागणारी. मी म्हणायचो, हात असतो एकेकाचा.

ती मला पांढऱ्या दोऱ्याच्या बाटलीतलं द्यायची.

का, ते विचारायला ती नाही. माझं पोट पहिल्यापासून नाजूक, त्यामुळे असेल. किंवा निदान एक माणूस आपल्या भावाबरोबर असावा, त्या माणसाला माहीत नसलं तरी, म्हणून असेल. मी अर्ध्या ग्लासावर थांबतो, याचा मला केवढा गर्व होता. ज्यावर थांबत होतो तो चहा होता. आणि त्याच बाटलीतला पूर्ण ग्लास पिऊन तो माणूस माझ्यासमोर थांबून दाखवत होता. आमच्या दोघांत थांबणारा तो होता.

१३ एप्रिल, शनिवार

सहा वाजता बारक्याकडे गेलो. बाटली त्याच्याच घरी होती. वहिनींनी ती रिकामी करून, धुऊन ठेवली होती. मी माझ्याकडचं तीत भरलं. दोरा तसाच होता, मी बांधलेल्या गाठीसह.

तो पलंगावर उठून बसलेला होता. दाढी केलेली. मी दोन ग्लास भरले, दोन्ही पूर्ण. त्यानं तोंड फिरवलं. म्हणाला, नको भाऊजी, मला आता काही दाखवायचं नाही.

मी आधी माझा उचलला आणि प्यायलो. मग म्हटलं, “मीसुद्धा हेच पीत होतो. आठ वर्षं. मला काल कळलं.”

त्याला आधी समजलं नाही. मग हळूहळू समजलं. “ताईनं तुम्हालाही?”

“मलाही.”

“आणि तुम्ही अर्ध्यावर थांबायचा.”

“चहाच्या.”

त्याच्या तोंडून हसण्यासारखा एक आवाज निघाला आणि मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत राहिले. या वेळी माझा हात पोचला. वहिनी दाराशी येऊन उभ्या होत्या, त्या आत आल्या नाहीत.

मी त्याला म्हटलं, ते वाक्य मी बोललो होतो आणि ते चूक होतं. एवढंच बोललो, मला याहून जास्त येत नाही. अजून नऊ दिवस आहेत. मग तपासतील. दवाखान्यातले म्हणतात, आत्ताच काही सांगता येत नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं ग्लास घेतला, दोन हातांनी. हुंगला. माझ्याकडे पाहिलं, त्या दिवशीसारखंच, पण मी या वेळी नजर खाली केली नाही. घोट घेतला आणि जिभेवर धरून ठेवला.

“लवंग कमी आहे,” तो म्हणाला. “ताई भाजून घालायची.”

नमुना नऊ. शेरा: लवंग दोन वाढवणे, भाजून.